घाईचं पेट्रोल

अकरा वर्षं मी पेट्रोल पंप सांभाळला, पण त्या अकरा वर्षांत प्रत्यक्ष पेट्रोल पाहिलं ते फक्त सकाळी, काचेच्या उभ्या नळीत, अर्धा लिटर. बाकीचं सगळं टँकरमधून जमिनीखालच्या टाकीत आणि तिथून गिऱ्हाइकाच्या गाडीत, कुणाच्या नजरेला न पडता जायचं. ज्या वस्तूवर आपलं घर चालतं ती वस्तू आपल्याला दिसत नाही, याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो.

दिसायची ती वाफ. घोडबंदर रोडवर, काशीमिरा सोडून चेण्याकडे निघालं की डाव्या हाताला आमचा पंप होता. ऑक्टोबरच्या दुपारी एखाद्या गाडीच्या टाकीचं झाकण उघडलं की त्या तोंडावरची हवा थरथरायची, आणि त्या हवेतून पाहिलं की मागचा डोंगर, त्यावरचं पिवळं पडत चाललेलं गवत, रस्त्यावरचे ट्रक, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलायचं. मी स्वप्नाळू बाई नाही. घरात मला 'रेशनिंग ऑफिसर' म्हणतात. पण दुपारी दोन ते चार त्या केबिनच्या काचेतून बघताना आपण जागे आहोत ना, हे मी एक-दोनदा स्वतःला चिमटा काढून पाहिलेलं आहे.

आम्ही गिरगावातून काशीमिऱ्याजवळच्या बेव्हर्ली पार्कात राहायला आलो तेव्हा मुलं लहान होती आणि मला जवळ नोकरी हवी होती. पंपाच्या मालकांना हिशेबाला माणूस हवं होतं. सहा महिन्यांत आधीचा मॅनेजर सोडून गेला आणि मालक म्हणाले, "आता तुम्हीच बघा." बघायचं म्हणजे काय, तर सकाळी घनता मोजायची, टाकीत दांडी सोडून साठा पाहायचा, दांडीच्या टोकाला मलम लावून खाली पाणी साचलं आहे का ते पाहायचं (पाणी असलं की मलमाचा रंग बदलतो), आणि दिवसभर माणसं सांभाळायची. पेट्रोल सोपं असतं. माणसं पेट घेतात.

आता हेच बघा. दसऱ्याला नवी गाडी घेतली की पहिलं पेट्रोल भरायला लोक सहकुटुंब यायचे. गाडीला झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, इथपर्यंत ठीक. एका वर्षी एक गृहस्थ स्कूटरच्या हँडलला पेटती उदबत्ती खोचून थेट पंपाखाली आले. आमचा रामसजीवन, वीस वर्षं नोझल धरलेला माणूस, जागीच थिजला. मी धावत जाऊन उदबत्ती काढली आणि वाळूच्या बादलीत खुपसली. मागे बसलेल्या त्यांच्या बाई रागावल्या. "आमची पूजा मोडलीत तुम्ही." मी म्हटलं, "ताई, वाळूत उभी केली आहे, तिथून नमस्कार करा." त्यांनी केलाही. पुढच्या दसऱ्याला मी वाळूची बादलीच पंपापासून लांब, गेटजवळ ठेवली आणि तिच्याभोवती रांगोळी काढून घेतली. लोक आपणहून तिथे उदबत्त्या लावायला लागले.

असं काहीतरी सुचलं की मला बरं वाटायचं. 'टॉनिक' हा शब्दही असाच सुचला होता.

तेव्हा कंपनीने नवं महाग पेट्रोल बाजारात आणलं होतं. त्यात इंजिन आतून स्वच्छ ठेवणारं रसायन मिसळलेलं असायचं. कंपनीने त्याला भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं. ते पंपावरच्या पोरांच्या तोंडात बसेना, गिऱ्हाइकांच्या डोक्यात शिरेना. मी रामसजीवनला सांगितलं, "सरळ विचारायचं, टॉनिक टाकू का?" झालं. रिक्षावाल्यापासून मर्सिडीजवाल्यापर्यंत सगळ्यांना टॉनिक कळलं. "आज टॉनिक डाल दो, गाडी थकेली है." आमच्या पट्ट्यात महाग पेट्रोल सर्वांत जास्त आमच्याकडे खपायला लागलं. कंपनीने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते मी केबिनमध्ये लावलं आणि खोटं कशाला सांगू, येणाऱ्याचं लक्ष जाईल अशाच जागी लावलं.

त्याच सुमाराला जयराम आला.

मोरव्याचा माणूस, चाळिशीचा, काटक. घराण्याचा धंदा मासेमारीचा. खाडीत पूर्वीसारखं मिळत नाही म्हणून त्याने होडीतला आपला हिस्सा थोरल्या भावाला देऊन टाकला होता आणि त्या पैशात भंगारवाल्याकडून एक क्वाड घेतली होती. क्वाड म्हणजे चार जाड चाकांची मोटारसायकल, चिखलात, वाळूत, डोंगरावर चालणारी. परदेशी बनावटीची, कुणा हौशी माणसाने आणून फार्महाउसवर गंजत ठेवलेली. जयराम तिला चिंबोरी म्हणायचा. चिखलातला मोठा खेकडा जसा पाय पसरून चालतो, तशी ती चालायची खरी.

चेण्याला एका रिसॉर्टमध्ये अशा गाड्यांवर पाहुण्यांना फिरवायचं काम निघालं होतं. मॅनेजरची अट एकच होती: मागे माणूस बसवून गाडी रिसॉर्टच्या मागचा चढ न थांबता चढली पाहिजे. चढली तर नाताळच्या हंगामापासून काम पक्कं. जुनं इंजिन दोन माणसांना घेऊन अर्ध्यातच मान टाकायचं. म्हणून जयरामने काशीमिऱ्याच्या अन्सारी मिस्त्रीकडून त्यात नवा, उंच डोक्याचा पिस्टन बसवून घेतला होता आणि वरचं हेडही घासून घेतलं होतं. आता तिला ओढ आली होती. छोट्या टेम्पोत घालून त्याने ती पंपावर आणली आणि मला केबिनमधून बाहेर बोलावलं.

"बाय, हिला कोनचा पेट्रोल देऊ? इंजिन जोरदार केलंय."

मी गाडीकडे पाहिलं, घड्याळाकडेही बहुतेक पाहिलं असेल. म्हटलं, "जोरदार इंजिनाला टॉनिक द्या, जयरामभाऊ."

"टॉनिक चालंल ना?"

"चालेल काय, धावेल."

हे माझे शब्द आहेत. मी ते विसरलेले नाही.

आठ दिवसांनी तो परत आला, तक्रार घेऊन नाही, चौकशी करायला. चढावर जोर दिला की आतून पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो, म्हणाला. मी टँकरची पावती तपासत होते. मान वर न करता सांगितलं, "नवा पिस्टन आहे, बसेल हळूहळू." तो बरं म्हणाला आणि टाकी भरून गेला.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी भर दुपारी तो केबिनमध्ये आला. बाहेर डोंगर थरथरत होता. त्याने फडक्यातून एक वस्तू काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. पिस्टन होता. वरच्या बाजूला, बरोबर मध्ये, वितळून पडलेलं भोक. त्यातून माझ्या टेबलाची हिरवी काच दिसत होती.

"तुमचा टॉनिक प्याली न् मेली, बाय."

तो चिडून बोलला असता तर मला उत्तर सुचलं असतं. त्याने ते वर्तमानपत्रातली बातमी सांगावी तसं सांगितलं.

"आणखी काही टाकलं होतंत का त्यात?" मी विचारलं.

"गोल्या टाकल्या."

"कसल्या गोळ्या?"

"डांबरगोल्या. कपाटात टाकतंय त्या. बाजारात सगली पोरा टाकतान, गारी पलते म्हनतान. मी म्हनलं, टॉनिक चालू हाय, तं गोल्या पन पायजेत. डाक्टर दोनी देतंय ना?"

दारात रामसजीवन उभा होता. तो हसला, आणि माझ्याकडे पाहून थांबला.

माणसाने किती सरळ विचार केला होता. औषधाचं नाव मी दिलं, त्याने औषधासारखं वापरलं. टॉनिकने आवाज थांबेना, तर सोबत गोळ्या. दुसरं कुणी काय केलं असतं?

"मग आता?" मी म्हटलं.

"पिस्टन दोन मागवलं व्हतं. येक हाय अजून. रिसॉर्टवाल्यानी पुढच्या आयतवारचा टाइम दिलाय. दोन आयतवार गेलं, आता ह्योच. दादा रोज इचारतो, गारी बुरली का तरली." त्याने पिस्टन परत फडक्यात गुंडाळला. "यो पन पिस्टन गेला, तं मना परत त्याच्या होरीवर जाला वढाया जावा लागल. मजूर म्हनून."

तो गेल्यावर मी कंपनीच्या सेल्स ऑफिसरला फोन लावला. तीन वर्षं पंप चालवल्यावर पहिल्यांदा विचारलं, "आपल्या या महागड्या पेट्रोलचा ऑक्टेन किती?"

"साध्याचा आहे तोच, मॅडम. ॲडिटिव्ह वेगळं. का, कुणी कंप्लेंट केली?"

"नाही," मी म्हटलं. "मीच करते आहे."

बाहेरच्या माणसाला हे समजावं म्हणून सांगते, मलाही ते त्या आठवड्यातच समजलं. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते, मग ठिणगी पडते आणि ती पेटते. जितकं जास्त दाबाल तितका धक्का मोठा. पण फार दाबलं तर ती वाफ ठिणगीची वाट न बघता, भलत्या वेळी, आपणहून भडकते. पिस्टन वर येत असतानाच डोक्यावर हातोडा बसतो. तोच तो डब्यातल्या खिळ्यांचा आवाज. ऑक्टेनचा आकडा फक्त एवढंच सांगतो की हे पेट्रोल किती दाब सोसून ठिणगीसाठी थांबेल. त्यात ताकद नसते, इंजिन धुणं नसतं, काही नसतं. साध्या इंजिनाला मोठा आकडा देऊन फायदा नाही. उंच पिस्टन बसवून, हेड घासून दाब वाढवलेल्या इंजिनाला लहान आकडा दिला की भोक. आणि आम्ही रोज सकाळी जी घनता मोजत होतो, तिच्यात हा आकडा दिसत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो.

दुसऱ्या दिवशी मी जयरामबरोबर अन्सारी मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये गेले. मिस्त्रीने मला बसायला टायर दिला. मी पेट्रोलचं सांगितलं. त्याने मान हलवली.

"मॅडम, गोली ने कार्बोरेटर का जेट बंद कर दिया. पेट्रोल कम आया, इंजिन और तपा. लेकिन गोली डाली क्यूँ? आवाज आया इसलिए. आवाज तो पेट्रोल का था."

"आणि पेट्रोल माझं होतं," मी म्हटलं.

"वो मैंने नहीं बोला," मिस्त्री म्हणाला.

जयरामला मी दाबाची आणि वाट बघण्याची गोष्ट सांगितली. त्याने ती एका वाक्यात आवरली. "म्हंजे यो घाईचा पेट्रोल हाय. आपल्याला दमाचा पायजे."

"हो. दमाचं मुंबईत मिळतं, मोजक्या पंपांवर."

त्याचे डोळे लगेच चमकले. "मंग येक डबा आनू. आयतवारापुरता. चढ चढून दाखवतो, काम पक्कं."

"आणि सोमवारी?"

"सोमवारचा सोमवारी बगू."

"सोमवारी पाहुणे बसतील मागे. रोज वीस खेपा. रोज मुंबईहून डबे आणणार? तिथलेही पंप डब्यात देणार नाहीत. मीही देत नाही. आठ दिवस कसेबसे आणाल, नवव्या दिवशी माझ्याकडे येऊन साधं भराल. मग हा पिस्टनही माझ्या टेबलावर."

जयराम उठून उभा राहिला. "तवा मी इचारलं तं टॉनिक दिलंव. आता मी दमाचा मागतंय तं तुमी न्हाय म्हनता. येकदा तरी मना पायजे ता द्या की, बाय."

गॅरेजचा पत्रा उन्हाने तडतडत होता. समोरच्या रस्त्यावरून खाडीवरच्या वर्सोवा पुलाकडे जाणारे ट्रक एकापाठोपाठ सरकत होते, इतके सावकाश की बघता बघता आपणच मागे जातो आहोत असं वाटावं. मला आठवतं, मला त्या वेळी खरंच वाटलं, द्यावा आणून एक डबा. आपली चूक आपल्या हाताने एका रविवारात धुऊन टाकावी. माझ्या मिस्टरांची गाडी होती, मुंबईतल्या एका पंपाचा मॅनेजर ओळखीचा होता. जमलं असतं.

"मिस्त्री," मी म्हटलं, "इंजिनच पुन्हा आमच्या पेट्रोलच्या लायकीचं करता येईल का?"

अन्सारी मिस्त्रीने हेड हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "हेड के नीचे तांबे का मोटा पॅकिंग डालूँ तो प्रेशर उतरेगा. ताकत भी उतरेगी."

"मंग चढंल कशी?" जयराम म्हणाला.

"चेन का पीछेवाला चक्कर बड़ा कर देता हूँ, तीन दाँत. स्पीड मरेगी, खिंचाव आएगा. बैल माफिक जाएगी."

"पावनं पोरा येतान ती बैलगारीत बसाला?"

"पाहुण्यांना उतरून ढकलावं लागण्यापेक्षा बरं," मी म्हटलं.

तो माझ्याशी बोलला नाही. पण बुधवारी लेथवाल्याकडून तांब्याचं पॅकिंग कापून आलं तेव्हा ते आणायला तोच गेला होता, असं मिस्त्रीकडून कळलं.

त्याच आठवड्यात मी पंपावर सगळ्यांना सांगितलं की टॉनिक हा शब्द बंद. विचारायचं ते नाव घेऊन विचारायचं आणि कुणी काय फरक म्हणून विचारलं तर आत पाठवायचं. रामसजीवन म्हणाला, "मॅडम, सेल बैठ जाएगा." बसला. ऑफिसरचे फोन आले. पण लोकांनी शब्द सोडला नाही. मी पंप सोडेपर्यंत गिऱ्हाइकं टॉनिकच मागत राहिली. तो शब्द मला परत घेता आला नाही.

रविवारी सकाळी मी चेण्याला गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. खाडीवरून धुकं आलं होतं आणि झाडांच्या मधोमध अडकून राहिलं होतं. रिसॉर्टची कमान पायाशिवाय हवेत उभी दिसत होती. चिंबोरी धुऊन पुसून ठेवली होती. मॅनेजर पोलो टी-शर्टमधला तरुण माणूस, हातात चहा.

"पीछे कौन बैठेगा?" त्याने विचारलं. त्याचा स्वतःचा माणूस तयार होता, पण चाळीस किलोचा असेल नसेल.

"मी बसते," मी म्हटलं. माझं वजन तेव्हा अडुसष्ट होतं आणि ते पहिल्यांदाच उपयोगी पडत होतं.

जयरामने मागे वळून पाहिलं. "परलीव तं मना बोल लावू नका."

"तुम्ही नाही लावलात, मी का लावेन?"

मी ओढणी कमरेला बांधली आणि बसले. गाडी निघाली. सपाटीवर ती इतकी सावकाश चालली की मॅनेजर चहा घेऊन काही पावलं आमच्या बरोबर चालत आला. मग चढ सुरू झाला आणि तो मागे राहिला.

मी डोळे मिटले. भीतीने नाही, मला ऐकायचं होतं. डब्यातले खिळे. पहिल्या वळणावर इंजिनाचा आवाज खोल गेला आणि माझी बोटं सीटच्या दांड्यावर घट्ट झाली. खिळे नाहीत. ओली पानं चाकाखाली येत होती, मातीचा वास येत होता. चढ वाढला. माझं वजन मागे गेलं. इंजिन घसा खाकरल्यासारखं झालं, जयरामने जोर कमी केला नाही, आणि गाडी त्याच एका चालीने, घाई नाही, थांबणं नाही, वर वर जात राहिली. किती वेळ गेला सांगता येणार नाही. चढ फार मोठा नव्हता, तीन-चार मिनिटांचा असेल. पण मिटल्या डोळ्यांमागे उजेड कमी-जास्त होत होता, अंगावर धुक्याचे थेंब बसत होते, आणि मला असं वाटत होतं की आम्ही डोंगर चढत नाही, डोंगरच आमच्या खालून हळूहळू मागे सरकतो आहे. मी अजून ऐकत होते. एकसारखा, गोल, भरलेला आवाज. दुसरं काही नाही.

मग गाडी सपाटीला आली. जयरामने इंजिन बंद केलं.

टिक. टिक. टिक.

मी त्याचा खांदा पकडला. "जयरामभाऊ, ऐकलंत?"

"आयकलं. सायलेन्सर निवतोय, बाय. तापलेला लोखंड बोलतंच." आणि तो हसला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

मागून चढ चढत येणाऱ्या मॅनेजरचा आवाज खालच्या धुक्यातून आला. चेहरा दिसत नव्हता. "ठीक है. नाताल से पहले लगा दो. थोड़ा फास्ट नहीं होगी क्या?"

"न्हाय," जयराम ओरडून म्हणाला. "यवरीच."

"चलो, फॅमिली को अच्छी लगेगी," खालून आवाज आला.

समोर धुकं फाटत होतं. आधी पुलाचे खांब दिसले, मग पूल, मग त्याच्यावरचे ट्रक, अगदी लहान आणि बिनआवाजाचे. खाली खाडीचं पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. जयरामने किल्लीला हात घातला.

"चला, उतरू."

"दोन मिनिटं थांबा," मी म्हटलं. "इंजिन निवू दे."

इंजिनाला तशी काही गरज नव्हती, आणि हे मिस्त्रीनेच आम्हा दोघांना सांगून ठेवलं होतं. तरी जयरामने किल्लीवरचा हात काढून घेतला.